दस्त्याला ठोकलेली खीळ

मी रसमड्याहून बोलतोय. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो, हावडा–मुंबई लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान आमचं हे स्टेशन लागतं. भिलाई–दुर्गच्या लोखंडी पट्ट्याचं हे एक टोक. लोखंड वितळवणं, लाटणं, कापणं, जोडणं हा इथला रोजचा व्यवसाय. आजचा विषयही एका जोडाचाच आहे.

विषय बंदुकीचा आहे, पण तिच्या ज्या भागातून गोळी कधीच जात नाही त्या भागाचा. बंदुकीचा दस्ता. आपण दस्ता म्हणतो, इकडे छत्तीसगडात कुंदा म्हणतात, आणि पोलिसांच्या तोंडी सरळ ‘बट’ असतं. शस्त्रागाराच्या नोंदवहीत रायफल ओळखली जाते ती बट नंबरावरून. म्हणजे दस्ता हा बंदुकीचा भागही आहे आणि तिची पाटीही.

प्रश्न असा आहे. आजच्या बऱ्याच रायफलींचा दस्ता पुढेमागे सरकतो किंवा दुमडतो. तो तसा मुद्दाम केलेला असतो. मग जगात अशी माणसं का आहेत, जी पैसे मोजून हा सरकणारा दस्ता एका जागी कायमचा पक्का करून घेतात? सरकणारी वस्तू विकत घ्यायची आणि मग ती सरकू नये म्हणून कारागिराकडे न्यायची, हे काय आहे? याचं उत्तर शोधता शोधता आपण अमेरिकेत जाऊ, आणि तिथून परत येऊन थेट १८५८ च्या हिंदुस्थानात पोहोचू.

दस्ता कुणाच्या मापाचा?

आधी दस्ता करतो काय ते पाहू. बार उडाला की बंदूक मागे झटका देते. तो झटका दस्ता खांद्यावर पसरवतो. दुसरं काम जास्त नाजूक. दस्त्यावर गाल टेकला की डोळा दर वेळी त्याच जागी यायला हवा, तरच नेम लागतो. दस्ता लांब झाला तर मान ताणावी लागते, आखूड झाला तर नाक अंगठ्यावर आपटतं. सदऱ्याची बाही जशी प्रत्येकाच्या हातानुसार कापावी लागते, तसंच हे.

पण फौजेला लाखो सदरे एका मापाचे शिवायचे असतात. ब्रिटिश फौजेने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांच्या ०.३०३ ली-एनफील्ड रायफलीचा लाकडी दस्ता वेगळा काढता येई, आणि तो वेगवेगळ्या लांबीत बनवला जाई. नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि पहिल्या महायुद्धात बुटक्या शिपायांच्या ज्या ‘बँटम’ पलटणी उभ्या राहिल्या त्यांच्यासाठी पूर्ण एक इंच आखूड. लांबीचं अक्षर दस्त्यावर कोरलेलं असे. शिपाई उभा केला, हात पाहिले, दस्ता बसवला, आत लांब बोल्ट आवळला की झालं. म्हणजे निवड एकदाच व्हायची आणि मग ती पक्की.

दुसऱ्या महायुद्धात गरज बदलली. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकाला लांब बंदूक अडचणीची. १९४२ मध्ये अमेरिकेने आपल्या हलक्या कार्बाइनचा घडीचा दस्ता असलेला प्रकार छत्रीधारी सैनिकांसाठी काढला. जर्मनांकडे त्याआधीच तशी सबमशीनगन होती, रशियाने पुढे एके रायफलीला घडीचा दस्ता दिला. १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या लढाईत नळीत नळी सरकणारा, दुर्बिणीसारखा दस्ता आला. जाड थंडीचा कोट घातला की दोन खाचा आत, चिलखती जाकीट घातलं की अजून एक खाच आत, उघड्या अंगाने पुन्हा बाहेर. एका बंदुकीला आता चार दस्ते लागत नाहीत, एकच दस्ता चार जणांना पुरतो.

खेळात तर याहून पुढची मजल आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींत तीच रायफल चालवायची असते. शरीराची घडण तिन्ही वेळी वेगळी, म्हणून गालाखालची पट्टी आणि खांद्याचा टेकू हलवता यावा लागतो. या नेमबाजांच्या रायफली पाहिल्या की दस्ता कमी आणि शस्त्रक्रियेचं उपकरण जास्त वाटतं. तेव्हा सरकणारा दस्ता मुळात माणसासाठी केलेली सोय आहे, हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या सोयीवर कायद्याची नजर पडल्याचा आहे.

अमेरिका : खिळीने पाळलेला कायदा

१३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. काही अर्धस्वयंचलित रायफलींवर दहा वर्षांची बंदी आली. कोणत्या रायफलींवर, हे ठरवायला कायद्याने एक यादी केली. मॅगझिन काढता येतं, आणि शिवाय पाचपैकी दोन गोष्टी आहेत, तर ती रायफल बंदीत. त्या पाच गोष्टी अशा : घडीचा किंवा सरकणारा दस्ता, खाली ठळकपणे येणारी पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची सोय, ज्वाला झाकणारा नळीचा तुकडा किंवा त्यासाठी पाडलेले आटे, आणि ग्रेनेड फेकायची सोय.

आता कारखानदार काय करणार? रायफल तीच ठेवली, संगिनीचा खोबणीचा भाग घासला, नळीचे आटे गाळले, आणि सरकणाऱ्या दस्त्याला आरपार पिन ठोकली. बाहेरून दिसायला तो दुर्बिणीसारखाच, पण जागचा हलत नाही. यादीतला एक मुद्दा कमी झाला. रायफल पुन्हा दुकानात.

इथे दोन्ही बाजूंनी भांडण झालं आणि ते अजून चालू आहे. बंदीवाले म्हणाले, ही पळवाट आहे, रायफल तितकीच घातक राहिली. बंदीविरोधक म्हणाले, हेच तर आम्ही सांगतोय, दस्ता सरकण्याने गोळी जास्त जोरात जात नाही, मग तुम्ही नेमकं कशावर बंदी घातलीत? कायद्यामागचा तर्क असा होता की दुमडून आखूड होणारी बंदूक अंगाखाली लपवणं सोपं असतं. हा तर्क जुनाच आहे. १९३४ च्या अमेरिकी कायद्यानेही नळीची किमान लांबी ठरवली होती, कारण त्या काळातल्या टोळ्या कोटाखाली कापलेल्या बंदुका वागवत.

१३ सप्टेंबर २००४ रोजी ती राष्ट्रीय बंदी संपली. रात्रीतून काय बदललं? पिना निघाल्या. पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा राज्यांनी आपापले कायदे ठेवले आणि त्यांच्याही यादीत घडीचा व सरकणारा दस्ता आहे. त्यामुळे तिथला मालक आजही दस्ता पक्का करून घेतो. म्हणजे तीच वस्तू राज्याची सीमा ओलांडली की गुन्हा ठरते, आणि तो गुन्हा एका पिनेने मिटतो.

मग लढाई येते एका शब्दावर, ‘कायमचं’. कायमचं म्हणजे किती कायमचं? स्क्रू आवळला तर तो पक्का का? डिंक लावला तर? नळीच्या तोंडाशी जोडलेला तुकडा नळीच्या लांबीत मोजायचा असेल तर तो कायमचा जोडलेला हवा, म्हणून अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणेने तीन रीती मान्य केल्या : पूर्ण घेरावर वेल्ड, आडवी पिन ठोकून तिच्या डोक्यावर वेल्ड, किंवा ११०० अंश फॅरनहाइटला वितळणारा चांदीचा डाख. आमच्या रसमड्यातला कोणताही फिटर हे ऐकून हसेल. त्याच्या लेखी ग्राइंडर आणि अर्धा तास असला की यातलं काहीच कायमचं नाही. टाक्याचा वेल्ड वेगळा, भरून केलेला वेल्ड वेगळा, हे त्याला माहीत आहे. पण दोन्ही वेल्ड म्हणजे वरून घातलेलं लोखंड, आणि घातलेलं लोखंड काढता येतं.

उलट काढलेलं लोखंड परत घालता येत नाही. हा फरक मनात ठेवून आता घरी येऊ. कारण आपल्याकडे एका राजसत्तेने हजारो बंदुकांतून लोखंड काढून घेतलं होतं.

१८५८ : खरवडलेली नळी, गोठवलेली पट्टी

१८५७ च्या उठावाची ठिणगी एका नव्या रायफलीच्या काडतुसावरून पडली, हे शाळेत सगळेच शिकतात. ती रायफल म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड. नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, आत पीळदार खाचा, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाई. आणि नळीवर मागे एक छोटी शिडीसारखी पट्टी. ती उभी करायची, तिच्यावरचा सरकता तुकडा अंतरानुसार वरखाली करायचा, आणि ९०० यार्डांवरचाही नेम धरायचा. सरकता भाग इथे दस्त्यावर नसून नेमावर होता, एवढाच फरक.

उठाव फक्त उत्तरेत नव्हता. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापूरला २७ व्या मुंबई पलटणीतले शिपाई उठले. इथून तासाभराच्या वाटेवर, रायपूरला, सोनाखानचे नारायणसिंह १० डिसेंबर १८५७ ला मारले गेले. १८ जानेवारी १८५८ ला हनुमानसिंहाने सार्जंट-मेजर सिडवेलला त्याच्या घरात ठार केलं, आणि २२ जानेवारीला सतरा शिपायांना फाशी झाली. हनुमानसिंह हाती लागला नाही. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, आणि हा सगळा मुलूख त्याच राज्यातला.

उठाव दडपल्यावर सरकारपुढे पेच होता. हिंदी शिपायाशिवाय एवढा देश सांभाळता येत नाही, आणि त्याच्या हातात चांगली रायफल देववत नाही. यावरचा उपाय कारखान्यात निघाला. एनफील्डची नळी आतून खरवडायची. पीळदार खाचा पार घालवायच्या. व्यास ०.५७७ वरून सुमारे ०.६५६ इंच. आणि नळीवरची सरकती शिडी काढून तिच्या जागी एक बसका, न हलणारा ठोकळा. १८५८ च्या नमुन्याची ही बंदूक खास हिंदी पलटणींसाठी. दुरून पाहिली तर एनफील्डच. तोच लाकडी दस्ता, तेच पितळी पट्टे. पण दूरच्या नेमाची ताकद गेलेली. खाचा नसलेल्या नळीची गोळी शंभर यार्डांच्या पलीकडे कुठे जाईल, याचा भरवसा धरू नये अशी.

यात एक गंमत झाली. नळी आतून खरवडली तर तिची भिंत पातळ होणारच. पातळ नळ्या फुगू लागल्या, वाकू लागल्या. म्हणून पुढच्याच वर्षी १८५९ चा नमुना काढावा लागला, जाड भिंतीच्या नळीचा. म्हणजे मुद्दाम कमी दर्जाची बंदूक नीट बनवण्यासाठी नवं लोखंड खर्च झालं. अविश्वासाचीसुद्धा किंमत मोजावी लागते, आणि ती सरकारी तिजोरीतून जाते.

अमेरिकेतल्या पिनेशी हे ताडून पाहा. तिथे कायद्याने एका वैशिष्ट्यावर बोट ठेवलं, मालकाने पिन ठोकली, कायदा गेला, पिन निघाली. इथे शिपायाला कुणी विचारलं नाही, आणि जे खरवडलं ते परत येणार नव्हतं. त्यानंतर दोन पिढ्या हीच रीत चालली. गोऱ्या पलटणीला मार्टिनी-हेन्री मिळाली की तिची जुनी स्नायडर हिंदी पलटणीकडे, गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली की मार्टिनी हिंदी पलटणीकडे. शस्त्र एक पाऊल मागेच.

मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा

बंगालमधल्या ईशापूरला १९०४ साली रायफलचा कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर तिथे ०.३०३ च्या ली-एनफील्ड घेऊन त्यांचं आणखी एक रूपांतर झालं. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी बंदूक हवी होती, पण ती हिसकावली गेली तर समोरच्याच्या फार उपयोगाची नसावी. म्हणून नळी ०.४१० ची गुळगुळीत केली. काडतूस ०.३०३ च्याच लांबीचं, पण सरळ मानेचं, त्यामुळे फौजेची गोळी तिच्यात चालेना आणि बाजारातलं ०.४१० चं शिकारी काडतूसही धड बसेना. आणि दहा गोळ्यांच्या मॅगझिनच्या पोकळीत चक्क लाकडाचा ठोकळा. एक गोळी घाला, उडवा, पुन्हा एक घाला.

संग्राहकांकडे या बंदुका आजही आहेत. मला त्यांच्यात तो लाकडाचा ठोकळा सगळ्यात बोलका वाटतो. तो काही करत नाही. तो फक्त जागा अडवून बसतो, म्हणजे तिथे दुसरं कुणी बसू नये. कुठल्याही कार्यालयात असा एखादा ठोकळा तुम्ही पाहिला असेलच.

कराची ते दिल्ली

शिपायाच्या बंदुकीवर ही बंधनं, तर रयतेचं काय? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. लोकांना परवान्यापेक्षा ही सूट जास्त झोंबली. त्यामुळे सुरुवातीच्या अधिवेशनांपासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करत राहिली, आणि १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिला गेला.

मग स्वातंत्र्य आलं आणि घटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत निवडून गेले होते मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे आमचा दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या प्रांतात होता, ज्याची राजधानी नागपूर होती, तिथूनच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती नाकारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कराचीचा ठराव परक्या सरकारने निःशस्त्र केलेल्या लोकांचा होता. आता राज्य आपलं आहे, शस्त्र धरणं हा हक्क म्हणून मागण्यापेक्षा गरज पडल्यास कर्तव्य म्हणून पाहावं, आणि सरसकट हक्क दिला तर गुन्हेगाराच्या हातातलंही शस्त्र सरकारला रोखता येणार नाही. दुरुस्ती पडली.

या वादात दोघांनाही इतिहास पाठ होता. कामतांना खरवडलेली नळी दिसत होती, बाबासाहेबांना मोकळ्या शस्त्राखाली कोण आधी भरडला जाईल ते दिसत होतं. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू झाला. परवाना राहिला, पण वंशावरून दिलेली सूट गेली. माझ्या मते मूळ दुखणं तिथे संपलं.

आपला कायदा कुठे बोट ठेवतो?

१९५९ चा कायदा दस्त्याची लांबी विचारत नाही. तो पाहतो की चाप दाबून धरला तर गोळ्या सुटतच राहतात का, म्हणजे शस्त्र स्वयंचलित आहे का. तो पाहतो की बंदुकीवर ओळखीचे आकडे आहेत का. कलम ६ म्हणतं, परवान्याशिवाय नळी आखूड करायची नाही, नकली बंदुकीची खरी करायची नाही. आणि बंदुकीत बदल करणं, तिची दुरुस्ती करणं हेही परवानाधारकाचंच काम. म्हणजे अमेरिकेत लोक घरच्या टेबलावर ज्या गोष्टीचा काथ्याकूट करतात, ती इथे मुळात कुणाही मिस्त्रीने करायचीच नाही.

आमच्या भागात बंदुकीची दोन टोकं दिसतात. एक ‘भरमार’, तोंडातून दारू ठासायची गावठी बंदूक, जिचा दस्ता एखाद्या सुताराने तासलेला असतो. गडचिरोलीपासून बस्तरपर्यंत पोलिसांच्या जप्तीच्या याद्यांत हे नाव नेहमी असतं. दुसरं टोक इन्सास. ती पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेने रचली. तिचा पक्क्या दस्त्याचा एक प्रकार आहे आणि घडीच्या दस्त्याचा एक. गाडीतून उतरणाऱ्या, झाडीत घुसणाऱ्या जवानाला घडीचा बरा पडतो. आता येणाऱ्या एके-२०३ चा दस्ता दुमडतोही आणि सरकतोही. ज्या देशाच्या शिपायासाठी १८५८ साली शिडी काढून ठोकळा बसवला होता, त्याच देशाचं सरकार आज आपल्या जवानाला त्याच्या मापाने हलणारी रायफल देतंय. माझ्या लेखी स्वातंत्र्याची ही एक साधी, हाताला लागणारी खूण आहे.

तेव्हा मंडळी, कुठल्याही जुन्या बंदुकीत, किंवा खरं तर कुठल्याही यंत्रात, मुद्दाम पक्का केलेला भाग दिसला की दोन प्रश्न विचारा. हा कुणी कुणासाठी पक्का केला? आणि लोखंड घातलंय की काढलंय? घातलं असेल तर तो करार आहे, उद्या बदलू शकतो, त्यावर वाद घालता येतो, मतदान होऊ शकतं. काढलं असेल तर समोरच्याला वाद घालायची संधीच दिलेली नव्हती. पुढच्या भागात आपण १८७८ च्या कायद्याकडे परत जाऊ आणि त्या परवान्याचा कागद एकेक रकाना करून वाचू. तोपर्यंत रजा घेतो. नमस्कार.